तळातला नमुना

देवराव पुनवटकरांनी आयुष्यात कशावरही वरवर पाहून मत दिलं नाही. या सवयीनं त्यांचं जेवढं नाव झालं, तेवढंच नुकसानही झालं. मारेगावच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ते सव्वीस वर्षं ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे गाडीतला कापूस हातात घेऊन त्याची प्रत ठरवणारा माणूस. ते वरच्या कापसाकडे ढुंकून पाहत नसत. वरचा कापूस दाखवण्यासाठीच ठेवलेला असतो, असं त्यांचं ठाम मत. ते सदऱ्याची बाही वर सारायचे, खांद्यापर्यंत हात गाडीत घालायचे, तळातून मूठभर कापूस काढायचे, धागा दोन्ही अंगठ्यांत ओढून पाहायचे आणि एक सरकी दाताखाली फोडायचे. सरकी कट्कन वाजली तर माल कोरडा, नुसतीच दबली तर ओला. मग ते सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात प्रत पुकारायचे: सुपर, पहिली, दुसरी. एकदा पुकारलेली प्रत त्यांनी सव्वीस वर्षांत बदलली नाही. मेव्हण्याच्या कापसालाही त्यांनी एकदा खालची प्रत दिली होती आणि त्या वर्षी त्यांच्या पत्नी नलूबाईंना माहेरी दिवाळीचं बोलावणं आलं नव्हतं.

केंद्र बंद पडलं, देवराव मुदतीआधीच घरी आले. ती वर्षं कापसाला वाईट होती. पेपरात यवतमाळचं नाव रोज यायचं, आणि चांगल्या बातमीसाठी कधी येत नसे. देवराव सकाळी फिरायला म्हणून निघत आणि पाय आपोआप केंद्राकडे वळत. फाटकाला कुलूप. आत जिथं कापसाच्या दोन मजली गंज्या असायच्या, तिथं तरोटा माजलेला. तारेच्या कुंपणाला अजून कुठं कुठं कापसाचा पुंजका अडकलेला दिसे. देवराव तो सवयीनं ओढून पाहत, मनातल्या मनात प्रत ठरवत आणि घरी येत. त्यांना त्या दिवसांची फार आठवण येई: गाड्यांची रस्त्यापर्यंत गेलेली रांग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झालेली माणसं, आणि काट्याजवळून येणारा पूनमसिंगचा आवाज. पण पूनमसिंगचं नाव घरात काढायचं नाही असा अलिखित नियम होता, म्हणून ते थोडं पुढं सांगू.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये पुण्याहून मुलीचं पार्सल आलं. रुपाली तिथं एका मोबाइल बनवणाऱ्या कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. कंपनीचा नवा फोन बाजारात येण्याआधी दहा साध्या माणसांना पंधरा दिवस वापरायला द्यायचा आणि त्यांचा अभिप्राय घ्यायचा, हे तिचं पहिलं काम. नऊ माणसं तिनं पुण्यात गाठली. दहावं नाव तिनं वडिलांचं लिहिलं. सोबत तिनं स्वतःच्या अक्षरात मराठीत उतरवलेला बावीस प्रश्नांचा फॉर्म होता आणि चिठ्ठी होती: "बाबा, जसं वाटेल तसं खरं लिहा. एकही रकाना रिकामा सोडू नका. माझी नोकरी पक्की होणं यावर आहे."

देवरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. चार वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडे माल तपासायला पाठवला होता. ते आत गेले, अंघोळ केली, नोकरीतला सदरा चढवला आणि बाहेर येऊन फोनसमोर बसले. नलूबाईंनी विचारलं, कुठं चालले? कुठं नाही, म्हणाले, ड्यूटीवर आहे.

फोन मोठा भारी होता. पडदा सरकवला की खालून बटणं निघत. कॅमेरा, रेडिओ, गाणी, व्हिडिओ, नकाशा, इंटरनेट, होकायंत्र, असं सगळं एका तळहातावर. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी फोटो काढला असता. देवराव दुसरे कुणी नव्हते. पडद्यावर जे चमकत होतं तो वरचा कापूस, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी यादी तळापर्यंत खाली नेली. तळाच्याही आत एक यादी होती, तिच्याही तळाला गेले. तिथं अगदी शेवटी एक ओळ होती. फोनला तो कारखान्यातून निघाला तसा करायचा का, असं ती विचारत होती. देवरावांना प्रश्न रास्त वाटला. मालाची परीक्षा मूळ रूपातच व्हायला हवी. त्यांनी होकार दिला. फोननं पुन्हा विचारलं, नक्की का? असे दोनदा विचारणारे लोक देवरावांना आवडत. त्यांनी पुन्हा होकार दिला.

रुपालीनं त्यात बाबांसाठी भरलेली एकशे चाळीस गाणी, सगळ्या नातेवाइकांचे नंबर आणि मराठी भाषा, हे सगळं अर्ध्या मिनिटात गेलं. फोन सुरू झाला तेव्हा इंग्रजी बोलत होता आणि देवरावांना ओळखत नव्हता. पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "माल तळापर्यंत सारखा आहे. तळात काहीच नाही."

फॉर्मही ते तळातूनच वाचायला लागले, आणि तिथं अडले. बाविसावा प्रश्न होता: "हा फोन घ्यायला तुम्ही तुमच्या मित्राला सांगाल का?" देवराव पेन हातात धरून बराच वेळ विचार करत बसले. फोनबद्दल नव्हे, मित्राबद्दल. सांगण्यासारखा मित्र त्यांना एकच होता आणि त्याच्याशी त्यांचं चार वर्षं बोलणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे डोमाजी आले. डोमाजी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि कुठल्याही दुखण्यावर सल्ला देण्याचा त्यांना हक्क होता, मग दुखणं माणसाचं असो की मशीनचं. त्यांनी सांगितलं की फोन छातीच्या खिशात ठेवायचा नाही, हृदयावर परिणाम होतो. पँटच्या खिशात तर मुळीच नाही. मग कुठं ठेवायचा, असं विचारल्यावर डोमाजी म्हणाले, तोच तर प्रश्न आहे. जाताना त्यांनी आपला एक फोटो काढून घेतला, गंभीर चेहऱ्यानं, पुढं भिंतीवर लावायला उपयोगी पडेल म्हणून.

पुढच्या आठवड्यात देवरावांनी रीतसर परीक्षा चालवली. धाग्याची लांबी म्हणजे बॅटरी किती टिकते. गावात दिवसाचे बारा तास वीज नसे, त्यामुळे धागा मोजायच्या आतच तुटायचा. ओलावा पाहण्यासाठी ते फोन गालाला लावून बसत. व्हिडिओ चालू असला की गाल पोळायचा, त्यांनी लिहिलं, "ओलावा नाही. उष्णता आहे." सगळ्यात मोठा रकाना कचऱ्याचा. कापसात पानं, काड्या, बोंडाची टरफलं किती, तो कचरा. फोनमध्ये त्यांना होकायंत्र कचऱ्यात धरावं लागलं, कारण मारेगावात उत्तर कुठं हे ज्याला कळत नाही असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. एकूण कचरा चाळीस टक्के निघाला. मनातल्या मनात ते फोनला दुसऱ्या प्रतीच्या जवळ आणून ठेवत होते, आणि पोरीची नोकरी आठवून त्यांना वाईटही वाटत होतं. पण मेव्हण्याला जो न्याय, तोच पोरीला.

राहिला सतरावा प्रश्न, इंटरनेटचा. इंटरनेट सुरूच होत नव्हतं. त्यासाठी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे, त्यानं स्वतः सिमकार्डाच्या कंपनीच्या वणीतल्या ऑफिसात येऊन सही करायला हवी असं कळलं. आणि इथं ते पुढं सांगू म्हटलेलं सांगावं लागतं.

देवरावांचं कनेक्शन पूनमसिंग राठोडच्या नावावर होतं. पूनमसिंग केंद्रावर मापारी होता, म्हणजे काट्यावर वजन करणारा. देवरावांनी प्रत पुकारली की तो काट्याजवळून ओरडायचा, "येऊ दे काट्यावर." सव्वीस वर्षं, दिवसातून दोनदोनशे वेळा. एकाचा हात आणि दुसऱ्याचा काटा, या दोन्हींवर तालुक्याचा विश्वास होता. दुपारी दोघं एका डब्यात जेवत. पूनमसिंगच्या डब्यातली भाकरी देवरावांची आणि नलूबाईंच्या हातची आंबाडीची भाजी पूनमसिंगची. देवरावांनी पहिला मोबाइल घेतला तेव्हा त्यांचं रेशनकार्ड दुरुस्तीसाठी तहसिलात अडकलं होतं. पूनमसिंगनं आपले कागद काढून दिले. म्हणाला, कोणाच्याही नावानं वाजू दे, उचलशील तूच.

त्यानंतर सहा महिन्यांनी, दोन हजार पाचच्या जानेवारीत, पूनमसिंगची स्वतःची गाडी केंद्रावर आली. रांगेत दोन दिवस गेले होते. देवरावांनी मित्राची गाडी म्हणून काही सोडलं नाही. बाही सारली, तळातून मूठ काढली, सरकी फोडली. सरकी वाजली नाही. तळाचा कापूस ओला होता. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे तेव्हा बरेच होते. पूनमसिंग खालच्या आवाजात म्हणाला की बायकोनं, जमनीनं, गाडीत प्यायच्या पाण्याची घागर ठेवली होती, ती रस्त्यात कलंडली. देवराव सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "सगळ्यांचीच सांडते." आणि दुसरी प्रत पुकारली.

त्या दिवशी काट्याजवळून उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पूनमसिंग डबा वेगळा खायला लागला.

गंमत अशी की अबोला धरलेल्या या माणसाचं नाव देवरावांना चार वर्षं निभवावं लागलं. महिन्या-दोन महिन्यांनी सिमकार्डाच्या कंपनीतली एखादी मुलगी फोन करून विचारायची, पूनमसिंगजी बोल रहे हैं? नाही म्हटलं तर चौकशा वाढायच्या, म्हणून देवराव म्हणायचे, हाँ, बोल रहा हूँ. सात जूनला पूनमसिंगच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देवरावांना यायच्या. दरवर्षी ते त्या वाचायचे आणि पुसायचे नाहीत. कारखान्यातून निघाला तसा फोन केल्यावर एकशे चाळीस गाणी गेली त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण सिमकार्डातले हे चार संदेश शाबूत आहेत का, ते त्यांनी कार्ड जुन्या फोनात परत घालून आधी पाहिलं होतं.

रकाना रिकामा सोडता येत नव्हता. फॉर्म पाठवायला पाच दिवस उरले तेव्हा देवराव सायकल काढून सहा किलोमीटरवरच्या तांड्यात गेले. अंगणात पूनमसिंग खाटेवर बसला होता. त्यानं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. जमनीनं पाणी आणून दिलं. देवरावांनी सगळी हकिकत जमनीला सांगितली, पूनमसिंग ऐकत असताना. पूनमसिंगनं काय शंका होत्या त्या जमनीकडे पाहून विचारल्या. तिनं दोघांचं एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिला चूल पाहायची आहे, आता मधली बाई उठली, काय ते सरळ बोला.

पूनमसिंग देवरावांकडे वळला. मग म्हणाला, "येतो. तुह्यासाठी नाही येऊन राह्यलो. माह्या नावाचं काम हाये, अन् माह्या नावाले मी जपतो."

हे बोलणं कुठं लागायचं ते लागलं.

वणीची एस.टी. सकाळची. नलूबाईंनी पिशवी भरून दिली: भाकरी, चटणी आणि पाण्याची बाटली, गार राहावी म्हणून ओलं फडकं गुंडाळलेली. बसमध्ये खिसेकापू असतात, असं डोमाजींनी बजावलं होतं. चोर वरचं पाहतो, हे देवरावांना ठाऊक होतं. त्यांनी फोन पिशवीच्या अगदी तळाशी घातला, त्यावर भाकरी, भाकरीवर बाटली. बसमध्ये दोघं दोन वेगळ्या बाकांवर बसले. रस्ता कोळशाच्या ट्रकांनी खणलेला होता. प्रत्येक खड्ड्याला पिशवी देवरावांच्या मांडीवर उडायची आणि खाली यायची. पाऊण रस्ता झाल्यावर त्यांची मांडी गार लागायला लागली. देवरावांना वाटलं, खिडकीतून वारा येतो आहे.

ऑफिसात सही अडली नाही. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पूनमसिंगजी कोण? दोघंही एकदम "मी" म्हणाले. एक सवयीनं आणि एक खरोखरचा. मुलीनं दोघांकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि खऱ्याची सही घेतली. आता फोन काढा, म्हणाली.

देवरावांनी पिशवीत हात घातला. खांद्यापर्यंत नाही, पण कोपरापर्यंत. हाताला तळाशी आधी पाणी लागलं, मग फोन. बाटलीचं झाकण सैल होतं. फडकं निथळत होतं आणि भाकरीचा लगदा झाला होता. फोनचा पडदा काळा. बटण दाबलं, काही नाही.

दोघं समोरच्याच गल्लीतल्या फोन दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या तरुणानं स्क्रू काढून मागचं झाकण उचललं आणि आत चिकटवलेली कागदाची बारकी टिकली दाखवली. पांढरी असते, म्हणाला, पाणी लागलं की लाल होते. ही लाल होती. फोनला पाणी मारलंय, याची हमी संपली, कंपनीला लिहावं लागेल.

देवरावांनी ती टिकली नीट पाहिली. इतके दिवस ज्या फोनचा तळ ते शोधत होते, तो हा होता. कंपनीनंही ग्रेडर ठेवला होता, एवढासा, आणि तो बरोबर जागी बसला होता. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मारलं नाही हो. बाटली सांडली. रस्त्यानं."

तरुण स्क्रू डबीत टाकत होता. वर न पाहताच तो म्हणाला, "सगळ्यांचीच सांडते, काका."

दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यातला एक हसला. सव्वीस वर्षांत देवरावांकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. आपण खरं सांगतो आहोत आणि खरं सांगून काही उपयोग नाही, हे काय असतं ते त्यांना चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. त्यांना मागं उभ्या असलेल्या माणसाकडे वळून पाहण्याची फार इच्छा झाली आणि तेवढीच भीती वाटली. त्यांनी पाहिलं नाही.

मग मागून काट्याजवळचा तो आवाज आला.

"ऐक बापू," पूनमसिंग म्हणाला. "या माणसाले मी तीस वर्षं झाले ओळखतो. हा पाणी मारत नाही. सांडली म्हणते, त सांडली. रस्त्यानं होते तसं."

तरुणानं वर पाहिलं. वाद घालण्यासारखा आवाज नव्हता. त्यानं कागदावर "पाणी मारले" लिहिलं होतं ते खोडलं आणि "प्रवासात पाणी सांडले" असं लिहिलं. हमी तरीही संपलेलीच होती. पण देवरावांनी तो कागद घडी करून छातीच्या खिशात ठेवला, डोमाजींचा सल्ला मोडून.

परतीच्या बसला गर्दी होती आणि एकच बाक मिळालं. दोघं शेजारी बसले. खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली वावरं होती. देवरावांना माफी मागता येत नव्हती. नोकरीत कधी शिकवली नव्हती. त्यांना एकच रीत माहीत होती.

"पूनम," ते म्हणाले, "प्रत पसंत नसली त शेतकऱ्याले फेरतपासणी मागता येत होती. तू अर्ज काहून नाही देल्ला?"

पूनमसिंग बाहेरच पाहत होता. "कोणाले देऊ? तपासणारा तूच." थोड्या वेळानं तो म्हणाला, "आता कायची फेरतपासणी? त्या कापसाचं सूत झालं असंन, कोणाच्या अंगात सदरा होऊन फाटलाबी असंन."

"माल नसला तरी चालते. तू अर्ज दे."

"तोंडी चालते?"

"चालते."

"मंग देल्ला," पूनमसिंग म्हणाला.

देवरावांनी सदऱ्याची बाही वर सारली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि भरल्या बसमध्ये, कंडक्टरनं चमकून मागं पाहावं अशा आवाजात, त्यांनी पुकारलं, "पूनमसिंग राठोड, तांडा, एक गाडी. कोरडा माल. सुपर."

सगळी बस वळून पाहायला लागली. पूनमसिंगनं घसा साफ केला, आणि चार वर्षं दोन महिने राहिलेलं उत्तर दिलं.

"येऊ दे काट्यावर."

मारेगावला उतरल्यावर पूनमसिंगनं देवरावांना सरळ तांड्यात नेलं. घरात चांगला भाव येईपर्यंत थांबवून ठेवलेला कापूस होता, कोपऱ्यात छपरापर्यंत. ओलावा ओढून घ्यायला सुक्या कापसासारखं दुसरं काही नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पूनमसिंगनं फोन मागितला, बाही सारली आणि खांद्यापर्यंत हात घालून तो गंजीच्या तळाशी ठेवून दिला. दोन दिवस देवराव रोज तांड्यात जात होते. कशासाठी, तर फोन पाहायला. फोन काही दिसत नव्हता, पण भाकरी होत असे. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं जेवत असताना कापसाच्या पोटातून बारीक घंटी वाजायला लागली. नुसती गडबड उडाली. जमनी म्हणाली, उचला कोणीतरी, ज्याचा असंन त्यानं.

रुपालीचा फोन होता. फॉर्म उद्या हवा होता. देवरावांनी तो पूनमसिंगच्या खाटेवर बसूनच पुरा केला. ओलाव्याच्या रकान्यात आधीचं खोडून घडलेलं सगळं खरं खरं लिहिलं, बाटलीसकट. प्रत मात्र दुसरीच दिली. कचरा चाळीस टक्के म्हणजे चाळीस टक्के. पुढं रुपालीनं कळवलं की बाकीच्या नऊ जणांनी सगळ्या रकान्यांत नुसतं "छान" लिहिलं होतं, आणि साहेबांनी भाषांतर करून घेऊन वाचला तो एकच फॉर्म. नोकरी पक्की झाली.

बाविसाव्या प्रश्नाशी आल्यावर देवरावांनी पेन थांबवलं आणि प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवला. हा फोन घ्यायला तुम्ही तुमच्या मित्राला सांगाल का?

"घेशील का?" त्यांनी विचारलं.

"मी कायले घेऊ?" पूनमसिंग म्हणाला. "माह्या नावानं तुह्याकडं वाजूनच राह्यला ना."

देवरावांनी रकान्यात ते जसंच्या तसं लिहिलं.